पॉईंटांचे वाटे

माझा बा आमच्या तांड्यात पाठ फिरवून बसण्यासाठी प्रसिद्ध होता. सणासुदीला घरोघरची वर्गणी जमवून बकरा पडायचा. रामजीकाका तो कापायचे, सोलायचे, आणि मग धुतलेल्या ताडपत्रीवर घरांच्या संख्येइतके वाटे लागायचे. प्रत्येक वाट्यात कलेजीचा तुकडा, चरबीचा तुकडा, नळी, बरगडी. सगळा तांडा भोवती उभा राहून वाटे डोळ्यांनी तोलायचा, इकडचा तुकडा तिकडे करायला लावायचा. सगळ्यांचं समाधान झालं की बा एक टोपलं पालथं घालून त्यावर बसायचा, कडुनिंबाकडे तोंड आणि वाट्यांकडे पाठ करून. मग कुणीतरी एका वाट्यावर काडी टेकवून विचारायचं, "हा कोनाचा?" बा मागे न पाहता एखाद्या घराचं नाव घ्यायचा. पुढच्या वाट्यावर काडी, पुढचं नाव. ज्याला वाटे दिसत होते त्याला नाव घ्यायची मुभा नव्हती आणि जो नाव घेत होता त्याला वाटे दिसत नव्हते. मला कळायला लागल्यापासून त्या वाटणीवर तांड्यात भांडण झालेलं आठवत नाही. बांधावरून झाली, पाण्यावरून झाली, कोंबडीवरूनही झाली, पण बाच्या पाठीमागे झालेल्या वाटणीवरून कधी नाही.

घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलायचो. इथं मी ते सगळं वऱ्हाडीत लिहितो आहे, कारण वाचणाऱ्याची सोय पाहिली पाहिजे, आणि माझ्या मुलांना आता तेवढंही कळत नाही. बकऱ्याच्या दिवशी सकाळपासून ठोकळ्यावर सत्तूर पडल्याचा आवाज यायचा, मग प्रत्येक घरातून पाट्यावर मिरची-लसूण वाटल्याचा. याडी, म्हणजे माझी आई, सगळ्यात आधी सळोई करायची, रक्ताची. ती गरम बाटीबरोबर पोरांना मिळायची. बाटी म्हणजे आमची ज्वारीची भाकर, शहरातल्या भाकरीपेक्षा जाड. मी सळोई खाताना इतर घरांतल्या पोरांनाही तेवढीच मिळाली असेल का, याची काळजी करायचो. माझा स्वभाव लहानपणापासून असा आहे. काळीपिवळी जीपमध्ये पुढची सीट मिळाली तरी मी दारव्हा येईपर्यंत मागे वळून पाहत असे.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळी यायची, भाव जायचा, जिनिंगसमोर गाड्या दोन-दोन दिवस उभ्या राहायच्या. आमच्याकडे त्याचा परिणाम असा झाला की बकरे लहान होत गेले. दुसरा परिणाम म्हणजे पाहुणे वाढले. ते शहरातून कॅमेरे घेऊन यायचे. एकदा एक बाई आमच्या ओट्यावर बसल्या आणि त्यांनी बाला विचारलं, "तुम्हाला सगळ्यात मोठा त्रास कशाचा आहे?" बाने बराच विचार केला आणि म्हणाला, "गुडघ्याचा." बाईंनी ते लिहून घेतलं नाही. इतक्या लांबून येऊन त्यांना काहीच मिळालं नाही, याचं मला कित्येक दिवस वाईट वाटत होतं.

मी तेव्हा दारव्ह्याच्या कॉलेजात होतो. कॉलेज सकाळी संपायचं आणि तांड्याकडे परतणारी काळीपिवळी भरायला दुपार व्हायची. मधला वेळ मी आणि आसपासच्या गावांतली पाच-सहा पोरं एका नेट कॅफेत काढायचो. पूर्वी तिथं टेलिफोन बूथ होता, त्यामुळे एक कॉम्प्युटर अजून काचेच्या कोठडीतच होता आणि तिथं बसणाऱ्याला आतून घाम फुटायचा. कॅफे चालवायची मालकाची मुलगी, रेखाताई. आमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी. ती गल्ल्यावर बसून झेरॉक्स काढायची, कुणाची वेळ संपली ते सांगायची आणि दिवसभर गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर खेळायची. तिनेच आम्हाला तो खेळ शिकवला.

खेळ गड-किल्ल्यांचा होता. जगभरातले लोक तो एकाच वेळी खेळायचे. प्रत्येकाचा एक गड, आणि काही जणांनी मिळून एक टोळी करायची. आमच्या टोळीचं नाव 'दारव्हा' होतं, दुसरं सुचलं नाही. टोळीने दुसऱ्याच्या गडावर चढाई केली की जिंकलेले पॉईंट एका सामाईक कोठारात जमा व्हायचे, आणि तिथून ते माणसामाणसाला वाटले जायचे. ज्याचे पॉईंट जास्त त्याचा नंबर वर. चार-पाच महिन्यांनी एक डाव संपायचा, त्या वेळी सगळ्या जगात जो पहिला असेल त्याचं नाव एका खास पानावर कायमचं लागायचं. आम्ही त्याला मानाचं पान म्हणायचो. दुसऱ्या नंबरचं नाव कुठेच लागत नसे.

कोठार वाटायचे दोन मार्ग होते. कॉम्प्युटरवर सोडलं तर ज्याने जितका घाव घातला त्याला तितके पॉईंट मिळायचे. नाहीतर टोळीचा म्होरक्या आपल्या हाताने वाटायचा. आमचा म्होरक्या निलेश होता. तो आपल्या हाताने वाटायचा आणि बहुतेक सगळे त्याच हातात राहायचे. एके दिवशी हे गजूच्या लक्षात आलं. गजू हा आमच्यातला सगळ्यात आळशी मुलगा, चढाई चालू असताना आलुबोंडा खायचा, पण हिशेबात पक्का.

"काय बे निल्या, तू एकटाच गड चढला काय? आमी काय खालून टाळ्या वाजवल्या?"

"तू तं टाळ्या बी नाही वाजवल्या. हात तेलाचे होते तुह्ये."

"मंग कॉम्प्युटरले वाटू दे ना."

पण त्यातही अडचण होती. कॉम्प्युटरने वाटलं असतं तर जवळजवळ सगळं रेखाताईला गेलं असतं, कारण ती सकाळी कुलूप उघडल्यापासून घाव घालत होती. आम्ही खेड्यांवरून येणार, तासभर बसणार, त्यात वीज जाणार. शिवाय तटबंदी बांधणं, धान्य पाठवणं ही कामं कॉम्प्युटर धरतच नव्हता. "मंग आमी कायले यावं?" असं गजूने विचारलं, आणि ते रेखाताईलाही पटलं. टोळीत माणसं कमी झाली तर चढाईच करता येत नव्हती.

तेव्हा निलेशच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "देवाले करा म्होरक्या. त्याचा बाप तांड्यात मटनाचे वाटे करते. कोनी भांडत नाही म्हने."

माझी निवड अशी झाली. माझ्या अंगात काही गुण होता म्हणून नाही, बाची पाठ माहीत होती म्हणून.

मी ते काम फार मनापासून केलं. कोठाराचे सारखे वाटे करायचो, उरलेसुरले पॉईंट तटबंदीवर टाकायचो, आणि मग खरोखरच खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचो. वाटे सारखेच असल्यामुळे कुठला कुणाचा याने काहीच फरक पडत नव्हता. तरी मी पाठ फिरवायचो, कारण वाटणी अशीच करतात, हे मला माहीत होतं. रेखाताई पडद्यावर बोट टेकवून विचारायची, "हा कोनाचा?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून म्हणायचो, "गजूचा." झेरॉक्सला आलेली माणसं थांबून बघायची. एका तलाठ्याने हा काय प्रकार आहे म्हणून विचारलं, तर रेखाताई म्हणाली, "मटन चाल्लं." तो थोडा वेळ थांबला आणि मग सातबारा घेऊन गेला.

भांडणं थांबली. टोळी जमली. पोरं वेळेवर यायला लागली, निलेशसुद्धा. आम्ही अशा लोकांचे गड घेतले ज्यांची नावं आम्हाला वाचता येत नव्हती. त्या महिन्यांत मी जितका समाधानी होतो तितका नंतर नोकरी लागल्यावरही झालो नाही.

मग रेखाताईचं लग्न ठरलं. मारेगावचं स्थळ, बी-बियाण्यांचं दुकान. मुलगा बरा होता. बैठकीत सासरच्यांनी एक गोष्ट सांगितली, ती तिने दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगितली, झेरॉक्सचा कागद भरता भरता.

"त्यायच्या घरी मोठी सून रेखाच हाय. एका घरात दोन रेखा नाही चालत म्हने. मले माधुरी ठेवनार."

"मंग तिचं बदला ना," गजू म्हणाला.

"ती आधी आली बे."

"माधुरी काई वाईट नाही," निलेश म्हणाला.

"मी कोठी म्हनली वाईट हाय? पन ते मी नाही ना." तिने मशीनचं झाकण लावलं. "डाव संपते लग्नाच्या आधी. तवा त्या पानावर माह्यं नाव लागलं पाहिजे. रेखा. एकदा लागलं का मंग त्यायले काय ठेवाचं ते ठेवू दे."

ती तेव्हा बरीच वर होती, पण पहिली नव्हती. जगभरातल्या मोठ्या टोळ्यांत घाव घालणाऱ्यालाच पॉईंट मिळत होते. आमच्याकडे तिला गजूएवढे मिळत होते. संध्याकाळी पोरं गेल्यावर ती मला म्हणाली, "देवा, तू वाटून राह्यला ते सारखं हाय. मी नाही म्हनत नाही. पन मी सकाळपासून बसतो, आन् थो आलुबोंडा खाते."

मी तिला शांतपणे समजावलं की वाटणी एकदा माणूस बघून करायला लागलं की तिला अंत राहत नाही. माझा बा बघत नाही म्हणूनच लोक मानतात. हे मी चांगल्या भाषेत सांगितलं. कॉलेजात वक्तृत्वात माझा दुसरा नंबर आला होता. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरं," आणि कुलूप शोधायला लागली. हे 'बरं' मला अजून अधूनमधून ऐकू येतं, विशेषतः मी शाळेत मुलांना निकाल वाटतो तेव्हा.

होळीला तांड्यात बकरा पडला. त्या वर्षी इतका लहान होता की वाटे लावताना ताडपत्री अर्धी दुमडावी लागली. बा टोपल्यावर बसला, काडी फिरली, नावं झाली. मग नेहमीप्रमाणे याडीने घमेलं माझ्या हातात दिलं. त्यात बकऱ्याची मुंडी आणि चार पाय. ते मी रामजीकाकांच्या घरी नेऊन द्यायचं, हे माझं लहानपणापासूनचं काम. वाटे लागायच्या आधीच मुंडी आणि पाय बाजूला निघायचे आणि ताडपत्रीवर कधी यायचेच नाहीत. मी शेकडो वेळा नाही, पण आठवतंय तेव्हापासून दर सणाला ते घमेलं डोक्यावर घेऊन तांडा ओलांडला होता, आणि तो वाटणीचाच भाग आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. वाटणी म्हणजे मला फक्त बाची पाठ दिसायची. रामजीकाकांच्या दारात पोहोचलो तर त्यांची सून त्यांचा वाटा आधीच शिजवत होती. म्हणजे वाटाही मिळाला होता आणि मुंडीही.

मी परत आलो तेव्हा बा नळी चोखत बसला होता. मी विचारलं, "बा, रामजीकाकाले दोन डाव काहून मिळते?"

"दोन डाव कुठी? वाटा त्याच्या वर्गणीचा. मुंडी त्याच्या हाताची."

"मंग सगळ्यायले सारखं कसं झालं?"

बाने नळी ताटावर आपटली, आत काही उरलं आहे का ते पाहिलं. "मुंडी काढल्यावर जे राहते ते सारखं," तो म्हणाला, आणि दुसरी नळी घेतली.

मी जेवण तसंच ठेवलं. याडीला वाटलं तिखट जास्त झालं.

दुसऱ्या दिवशी धुळवड होती, कॅफे बंद. तिसऱ्या दिवशी मी पहिली काळीपिवळी पकडून गेलो आणि पोरं जमल्यावर उभं राहून सांगितलं की आपण मुंडी द्यायची विसरलो. कानात अजून रंग असलेल्या गजूला काहीच कळलं नाही.

"कोनाची मुंडी?"

"रेखाताईले द्याची हाय."

"मले कायले मुंडी?" रेखाताई गल्ल्यावरून म्हणाली. "आमी मंगळवारी नाही खात."

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. कापणाऱ्याची मुंडी वाटे लागायच्या आधी निघते. चढाईत जास्तीत जास्त घाव जिने घातले तिचा भाग आधी बाजूला काढायचा, उरेल त्याचे सारखे वाटे. मग निलेश म्हणाला, "माह्या वाट्याचं बी टाक तिच्यात. मी आधी लय खाल्लं." गजूने मान हलवली, मग म्हणाला, "माह्यं बी. पन आलुबोंडा कोनी तरी पाजा." आमच्याकडे खाऊ घालण्याला पाजणं म्हणत नाहीत, पण गजू म्हणायचा.

"लेकहो, मले भीक नाही पाहिजे," रेखाताई म्हणाली.

"भीक नाही, मुंडी हाय," मी म्हणालो. ती पहिल्यांदाच हसली.

एकदा दिलेले पॉईंट परत घेता येत नव्हते. पुढच्या चढायांचेच काय ते हातात होते, आणि डाव संपत आला होता. त्या दिवसांत आम्ही कॉलेजात गेलो नाही. गजू दोन्ही हातांनी खेळला. वीज जाण्याच्या वेळा पाहून चढाया लावल्या. प्रत्येक चढाईनंतर मी कोठार उघडून बहुतेक सगळं रेखाताईच्या नावावर टाकायचो. पाठ न फिरवता, पडद्याकडे बघून. तिचा नंबर रोज वर सरकत होता. शेवटच्या दिवशी तिच्या वर एकच नाव राहिलं. ते कुठल्या देशाचं होतं ते आम्हाला कळलं नाही, नावात एकही ओळखीचं अक्षर नव्हतं. दुपारी डाव संपणार होता. आमची शेवटची चढाई जिंकली, मी पॉईंट टाकले, तिचा आकडा फिरला आणि थांबला. वरचं नाव वरच राहिलं. फरक फार थोडा होता. मी आधी केलेल्या वाटण्यांपैकी कुठल्याही एका वाटणीत मुंडी काढली असती तर भरून निघाला असता.

पान बदललं. मानाच्या पानावर ते न वाचता येणारं नाव लागलं. रेखाताईने काचेच्या कोठडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "गजू, तुह्या टाईम झाला. ऊठ." मग ती एका बाईच्या शिधापत्रिकेची झेरॉक्स काढायला लागली. ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं.

लग्नाला आम्ही सगळे गेलो. मी पंगतीत बसलो आणि बुंदी दोनदा घेतली, याचंही मला नंतर वाईट वाटलं. ती मारेगावला गेली. कॅफेच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. त्यानंतर तो खेळही बंद पडला, मानाच्या पानासकट. ज्याचं नाव कायमचं लागलं होतं त्याचंही आता कुठे नाही. हे मला कळलं तेव्हा थोडा दिलासा वाटला, आणि दिलासा वाटला म्हणून अपराधी वाटलं.

मी बाभुळगावकडे एका शाळेत लागलो. लग्न झालं, मुलं झाली, बा गेला. तांड्यात आता वाटे वजनकाट्यावर होतात. मागच्या वर्षी पुतण्यासाठी मुलगी पाहायला मारेगावला जायचं झालं. बसस्टँडवरून चालत निघालो तर रस्त्यावरच एक मोठी पाटी दिसली: रेखा कृषी केंद्र. मोठ्या सुनेच्या नावाचं असणार, असं मी मनाशी म्हणालो आणि पुढे गेलो. पन्नास पावलांवर थांबलो. परत आलो. गल्ल्यावर ती बसली होती, केस पांढरे व्हायला लागलेले, चष्मा नाकावर, एका शेतकऱ्याला फवारणीचं औषध किती पाण्यात टाकायचं ते दटावून सांगत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "देवा ना तू? टक्कल पडलं लेका."

मी माधुरीताई म्हणावं की रेखाताई, या विचारात नुसतेच हात जोडले. बसल्यावर पाटीबद्दल विचारलं.

"माह्याच नावाची हाय. जाऊबाई मोठी रेखा, मी लहान रेखा."

"पण नाव बदलणार होते ना?"

"बदलतच होते. तांदळाची थाळी आनली, नवऱ्यानं अंगठीनं माधुरी लिवलं बी. मी म्हनली, माह्या नावावर पॉईंट हायेत, कॉम्प्युटरमंदी. नाव बदललं तं सगळे बुडते. सासरे व्यापारी मानूस. त्यायनं इचारलं, किती हायेत? मी आकडा सांगतला." ती हसली नाही. "तेवढा आकडा त्यायनं कोनाच्याच नावावर पाह्यला नव्हता. लगेच म्हनले, पुसा ते तांदूळ, रेखाच लिवा, बुडवू नका पोरीचं. दोन-तीन वर्सं इचारत होते, वाढले का म्हून."

मी बराच वेळ थाळीतल्या त्या तांदळांचा विचार करत होतो. मग मी तिला सगळं सांगितलं. तिला गजूएवढाच वाटा देत राहिलो तेव्हापासून, ते बुंदीपर्यंत. एवढी वर्षं मी मनात म्हणत होतो ते सगळं. ऐकता ऐकता तिने पोराला आवाज देऊन चहा मागवला. शेवटी मी म्हणालो, "पण मग बरंच झालं म्हणायचं. नाव तर राहिलं."

"राह्यलं ना," ती म्हणाली. "पन पयला नंबर माह्याच होता."

"हो," मी म्हणालो. "माझं चुकलं."

"व्हय," ती म्हणाली, आणि चहा माझ्याकडे सरकवला.